चालत्या गाडीचे चाक

ऑक्टोबर १९८६मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जेमतेम ४०० यार्डांवरचे बर्कली विद्यापीठ यांच्यातले संदेशवहन सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरले. तार शाबूत होती. संदेशाचे न पोचलेले पाकीट प्रत्येक संगणक पुन्हा पाठवी आणि तुंबलेल्या जाळ्यात भर घाली. व्हॅन जेकबसन यांनी १९८८मध्ये मांडलेला तोडगा साधा होता: पाकीट हरवले की हात आखडता घ्या, मग जपून वाढवा. चालू असतानाच स्वतःला बदलणाऱ्या वितरित प्रणालींची विद्या त्यानंतर खूप पुढे गेली. स्वतःला आवरण्याचा हा धडा मात्र तिने अर्धाच गिरवला आहे.

बदलण्याची हत्यारे आज धारदार आहेत. एरिक्सनमध्ये घडलेली अर्लांग भाषा एकाच मॉड्यूलची जुनी आणि नवी आवृत्ती सोबत वागवते; हातातले काम जुन्या कोडवर चालू राहते आणि टेलिफोन एक्स्चेंज बंद न करता सुधारता येते. कुबरनेटीस हा सेवांच्या प्रती चालवणारा व्यवस्थापक, वेगळे सांगितले नसेल तर, दर १५ सेकंदांनी भार तपासतो. प्रोसेसरचा वापर ५० टक्के हवा असताना १०० टक्के झाला, तर चार प्रतींच्या आठ करतो. कमी करताना मात्र गेल्या पाच मिनिटांतली सर्वांत मोठी गरज धरतो. नाहीतर भार जरा हलला की प्रतींची सारखी उघडमीट होईल. हा सबुरीचा नियम एका सेवेपुरता पुरतो. अनेक यंत्रे एकाच वेळी शहाणपणा करू लागली की तो अपुरा पडतो.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या एका आज्ञेने फेसबुकच्या डेटा सेंटरांना जोडणारे जाळे तुटले. डेटा सेंटर दिसेना, म्हणून संकेतस्थळाचा पत्ता सांगणाऱ्या प्रत्येक डीएनएस सर्व्हरने नियमाप्रमाणे स्वतःला आजारी ठरवले आणि इंटरनेटवरचा आपला मार्ग मागे घेतला. एकट्याने केले असते तर ते योग्यच होते. सगळ्यांनी केल्यावर चालू स्थितीतले सर्व्हरही कोणाला सापडेनात, आणि व्हॉट्सअ‍ॅपसह सारे सुमारे सहा तास ठप्प झाले.

यावर कोणी म्हणेल, निर्णय माणसाकडेच ठेवा. पण मूळ आज्ञा माणसाचीच होती, आणि हजारो सर्व्हरांची नाडी हाताने पाहणे अशक्य आहे, हे ओळखूनच आयबीएमने २००१मध्ये स्वयंनियंत्रित संगणनाची हाक दिली होती. दुसरा आक्षेप असा, की मशीन लर्निंग हे सारे शिकून घेईल. रोजच्या भाराचा अंदाज ते बांधेलही. पण सगळे एकदम कोसळण्याचे प्रसंग इतके विरळ, की शिकायला उदाहरणेच पुरत नाहीत. त्यापेक्षा ‘ठरावीक संख्येहून अधिक सर्व्हरांनी एकाच वेळी माघार घ्यायची नाही’ हा एका ओळीचा नियम भरवशाचा. त्याची किंमत आहे: एखादा खरोखरच बिघडलेला सर्व्हर काही काळ चुकीची उत्तरे देत राहील. ती मोजावी. नवी प्रणाली किती चटकन बदलते हे सगळेच सांगतात. ती केव्हा बदलायला नकार देते, हेही तिची पारख करणाऱ्यांनी विचारायला हवे.