महिना, टोळी आणि खाजण : मराठी निसर्गलेखनातील परस्परावलंबनाचा विचार

मराठीतील निसर्गलेखनाची चिकित्सा बहुधा शैलीच्या अंगाने होते. लेखकाची दृष्टी किती सूक्ष्म आणि शब्दकळा किती संपन्न, एवढे पाहून समीक्षा थांबते. सजीवांचे परस्परांशी व परिस्थितीशी असलेले नाते या लेखनाने कोणत्या मापाने मोजले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) आणि व्यंकटेश माडगूळकर यांची ‘सत्तांतर’ (१९८२) या दोन मान्यवर कृतींना तो विचारून पाहणे उद्बोधक ठरेल. कसोटीसाठी येथे पेण तालुक्यातील वडखळच्या आसपासचा खारेपाट घेतला आहे.

‘ऋतुचक्रा’चे माप महिना हे आहे. प्रत्येक मासाच्या निमित्ताने झाडांची पानगळ आणि फुलोरा, पक्षी, आकाश आणि माणसाची परंपरागत स्मृती ही सारी एकत्र येतात. कोणतीही वस्तू एकटी दिसत नाही, हे या पुस्तकाचे मोठे श्रेय होय. तथापि साहचर्य म्हणजे अवलंबन नव्हे. एकाच महिन्यात दोन गोष्टी दिसतात, एवढ्याने एकीवाचून दुसरीचे काय अडते, हे कळत नाही. हा लेखिकेचा दोष नसून ललितनिबंधाच्या प्रकृतीची ती मर्यादा आहे.

‘सत्तांतर’चे माप टोळी हे आहे. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळविणाऱ्या या छोट्या कादंबरीत वानरांच्या जीवनातील कार्यकारणभाव कठोरपणे मांडला आहे. टोळी जिंकणारा नवा नर पिल्लांना मारतो, या घटनेकडे लेखक भावविवश न होता पाहतो. मराठी प्राणिकथेला बोधकथेच्या वळणातून बाहेर काढणारी ही दृष्टी आहे. परंतु येथील संघर्षाचा गाभा एकाच जातीच्या अंतर्गत राहतो. भिन्न जातींच्या देवघेवीचा प्रश्न या कथेच्या कक्षेबाहेरचा आहे.

हा तिसरा प्रश्न शास्त्रात प्रथम स्पष्टपणे मांडला गेला तो समुद्रकाठीच. एर्न्स्ट हेकेल याने १८६६ मध्ये परिस्थितिविज्ञानाला नाव दिले. १८७७ मध्ये कार्ल मोबिअस याने कालवांच्या थरांचा अभ्यास करून असे दाखविले की, कालवाचा विचार त्याच्या सभोवतीच्या जीवसमूहापासून तोडून करता येत नाही. खारेपाटाला हे माप तंतोतंत लागू पडते.

वडखळहून अलिबागकडे जाणारा रस्ता धरमतरची खाडी ओलांडतो. येथे अंबा नदीचे गोडे पाणी आणि भरतीचे खारे पाणी एकमेकांत मिसळते. या भूमीचा व्यवहार केवळ महिन्यावर चालत नाही, तो तिथीवरही चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांग असतो. भातशेती बांधाच्या आत, तर तिवरांचे खाजण बांधाच्या बाहेर असते. पावसाचे पाणी जमिनीतील क्षार धुऊन ओहोटीबरोबर उघाडीवाटे बाहेर पडते, आणि भरती आली की उघाडीची झडप मिटते. काळा राता, भुरा राता यांसारख्या क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती कोकणच्या अशाच भूमीत टिकल्या.

या व्यवस्थेतील खेकड्याचे स्थान पाहण्यासारखे आहे. तिवरांची गळलेली पाने तो बिळात ओढून नेतो आणि कुरतडून त्यांचा चुरा करतो. त्या कुजणाऱ्या चुऱ्यावर कोळंबीची पिल्ले आणि लहान मासे पोसले जातात, व त्यांवर खाडीतील मासेमारी अवलंबून असते. चिखलात प्राणवायू अत्यल्प असतो. खेकड्याच्या बिळांतून तो आत शिरतो आणि मुळांना उपकारक ठरतो. परंतु तोच खेकडा मातीच्या बांधाला भोके पाडतो, त्यांतून पाणी झिरपते आणि उधाणाच्या वेळी बांध खचतो. खाजणाचा जो पोशिंदा, तोच शेताचा वैरी! त्याची प्रकृती बदललेली नसते, जागा तेवढी बदललेली असते. परस्परावलंबन म्हणजे सलोखा, ही रूढ समजूत येथे टिकत नाही.

या संबंधात मनुष्य प्रेक्षक नाही. जुन्या शिलोत्री पद्धतीत भरतीबांध राखण्यासाठी पिकाचा वाटा काढला जात असे. १९४८ चा खारजमीन कायदा आणि १९७९ चा खारभूमी विकास अधिनियम यांच्यामुळे ही जबाबदारी उत्तरोत्तर शासनाकडे गेली. बांधाची भोके वेळेवर बुजली नाहीत की खारे पाणी शेतात शिरते, पीक जाते आणि काही वर्षांत तेथेच तिवर उगवते. दुसरीकडे कांदळवनांच्या तोडीस मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि २०१८ मध्ये अंतिम निर्णयाने मनाई केली. ही मनाई योग्यच आहे, कारण बांधासमोरचे तिवरच लाटेचा जोर मोडते. पण ज्याच्या शेतात ते उगवले त्या शेतकऱ्याचे काय? त्याच्या दृष्टीने जमीन बुडाली, वनाच्या दृष्टीने वन वाढले, आणि दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

‘निसर्ग विरुद्ध मनुष्य’ या सोप्या विरोधात हा पेच मावत नाही. ‘ऋतुचक्रा’ने मराठी वाचकाला पाहावयास शिकविले. ‘सत्तांतर’ने त्याला हळवेपणा टाकून पाहावयास शिकविले. आता अपेक्षा आहे ती एखाद्या स्थळाचा संपूर्ण व्यवहार, त्यातील लाभहानीसह, मांडणाऱ्या लेखनाची. त्यासाठी लागणारी भाषा नव्याने घडवावी लागणार नाही. उधाण, भांग, उघाडी, खाजण, शिलोत्री हे शब्द म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाचे फलित आहे. मराठी निसर्गलेखनाने ते केवळ प्रादेशिक रंगासाठी वापरले, तर खारेपाटाने जपलेले ज्ञान बांधाबरोबरच वाहून जाईल.