हिस्लॉपचे शंख : एका जुन्या निबंधाचें परीक्षण

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचें नांव नागपूरच्या महाविद्यालयामुळें सर्वांच्या कानांवर आहे. परंतु त्यांच्या बुद्धीचें खरें तेज ज्यांत दिसतें, तो १८६० सालचा निबंध मराठी वाचक क्वचितच उघडतो. लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकांत आलेल्या या निबंधाचा विषय काळ्या पाषाणाच्या थरांमध्यें दडलेले शंखशिंपले हा होय. वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा झाला तो १८६२ सालीं. तेव्हां ही कथा वर्धेकरांच्याही घरची आहे.

समुद्र शेंकडों मैल दूर, मग येथें शिंपले कोठले? गिरडच्या टेकडीवरील गोल खडे म्हणजे शेख फरीद यांच्या कोपानें दगड झालेला व्यापाऱ्यांचा माल, असें लोक सांगतात. हिस्लॉप तुलनेचा मार्ग धरतात. नागपूरकडील शंख ते राजमहेंद्रीच्या शंखांशेजारीं मांडतात. राजमहेंद्रीच्यांत खाऱ्या पाण्याच्या जाती, नागपूरच्यांत गोड्या पाण्याच्या! तेव्हां येथें समुद्र नव्हे, लाव्हारसाच्या दोन लोटांमधील निवांत काळांत तळीं होतीं.

ओळखण्याची रीत नामी आहे. शंखाचें टोंक वर व तोंड आपल्याकडे धरावें. तोंड डावीकडे आलें तर फायसा, उजवीकडे आलें तर लिम्निया. गंमत अशी, कीं देवघरांतील दुर्मिळ ‘दक्षिणावर्ती’ शंख या रीतीनें डावा ठरतो; कारण आपण टोंक खालीं धरून पाहतों. धरण्याची पद्धत ठरल्यावांचून नांवास अर्थ नाहीं, हा धडा साहित्यविचारासही उपकारक आहे.

निबंधांत उणीव आहे. हिस्लॉप या थरांस तृतीयक युगाच्या आरंभीं बसवितात. आजच्या मापनानें दख्खनचा लाव्हारस सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींचा, म्हणजे त्याआधींच्या युगाच्या अखेरीच्या सुमाराचा ठरला आहे. गोड्या पाण्यांतील शंखांचीं रूपें युगानुयुगें फारशीं बदलत नाहींत. त्यांच्यावरून काळ मोजणें मुळांतच धोक्याचें. मात्र त्यांचीं वर्णनें इतकीं नेमकीं आहेत, कीं अनुमान ढळलें तरी निरीक्षण टिकलें.

दुसरा आक्षेप मला अधिक बोंचतो. या जातींच्या नांवांत प्रिन्सेप आहेत, हंटर आहेत. शेतकऱ्याच्या बोलींतला एकही शब्द नाहीं. गोंडांचीं गीतें आस्थेनें टिपणाऱ्या या गृहस्थांकडून ही अपेक्षा गैर नव्हती. १८६३ सालीं टाकळघाटाजवळ ते बुडून वारले. तीं टिपणें रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं प्रसिद्ध केलीं. शंखांस मराठी नांवें देण्याचें काम मात्र आपलें आहे, आणि तें आपल्याखेरीज कोणीही करणार नाहीं.