‘दुधाने पेशी मारल्या’ : एका विधानाची कारकचिकित्सा

कंधार-मुखेड हा लाल कंधारी गाईचा मुलूख. शेजारचा लातूर जिल्हा देवणीचा. अशा मुलखात ‘दुधाने कर्करोगाच्या पेशी मारल्या’ हे वाक्य कानी पडले, तर ऐकणाऱ्यासमोर गोठ्यातील धारोष्ण दुधाचा पेला उभा राहणे स्वाभाविकच होय. दोष ऐकणाऱ्याचा नव्हे. तो वाक्यरचनेतच आहे. मराठीत ‘ने’ हा प्रत्यय ‘रामाने रावण मारला’ येथे कर्ता दाखवितो, तर ‘बाणाने रावण मारला’ येथे करण. कर्मणी प्रयोगात दोघांचा वेष एकच. ज्या संशोधनाचे सार म्हणून हे वाक्य सांगितले जाते, त्यातील मुख्य वाद नेमका या दोहोंमधील निवडीचा आहे. म्हणून ही चिकित्सा केवळ व्याकरणाची राहत नाही.

मूळ प्रयोग स्वीडनमधील लुंड येथला. कॅथरीना स्वानबोर्ग व त्यांचे सहकारी मातेच्या दुधामुळे न्यूमोनियाचे जंतू पेशींना चिकटत नाहीत काय, हे तपासत होते. प्रयोगासाठी घेतलेल्या पेशी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या होत्या आणि दुधाच्या एका अंशाच्या सान्निध्यात त्या मरू लागल्या. १९९५ साली हे प्रसिद्ध झाले. पुढे २००० साली त्या अंशाचे घटक निश्चित झाले: अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन हे प्रथिन आणि ओलेइक आम्ल हे मेदाम्ल. १२३ अमिनो आम्लांचे हे प्रथिन स्तनग्रंथीत दुग्धशर्करा घडविण्यास साहाय्य करते. त्याची घडी कॅल्शियमच्या एका अणूने बांधलेली असते. तो अणू काढून घेतला की घडी सैल होते; त्या सैल अवस्थेतच मेदाम्ल तिच्याशी बांधले जाते. घडी शाबूत असलेले प्रथिन पेशींना काहीच करीत नाही.

या संकुलाला ‘हॅम्लेट’ असे नाव मिळाले. आगरकरांनी ‘विकारविलसित’ (१८८३) या नावाने मराठीत आणलेल्या नाटकाशी त्याचा संबंध आद्याक्षरांपुरताच. परंतु त्या आद्याक्षरांचा विस्तार पाहण्याजोगा आहे: ‘अर्बुदपेशींना मारक बनविलेले मानवी अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन’. येथे सिद्धान्त नावातच घातला गेला आहे. शंका घेणाऱ्या संशोधकालाही हे नाव उच्चारताना ‘मारक’ म्हणावेच लागते. त्यातल्या त्यात प्रामाणिक शब्द ‘बनविलेले’ हा, आणि मराठी वृत्तान्तात बहुधा तोच गळतो.

आता कर्ता कोण? नावाप्रमाणे पाहिले तर प्रथिन. पण घोड्याच्या लायसोझाइमसारखी अन्य प्रथिनेही ओलेइक आम्ल घेऊन असाच परिणाम करतात, असे आढळले. २०११ साली डेन्मार्कमधील अभ्यासकांनी गाईच्या प्रथिनापासून केलेले संकुल तपासले. त्याची मारकता मेदाम्लाच्या प्रमाणावर अवलंबून असल्याचे, आणि ते कर्करोगाच्या नसलेल्या पेशींनाही मारीत असल्याचे त्यांनी दाखविले. हा पक्ष मानला तर प्रथिन हे केवळ वाहन. कर्तृत्व तेलाकडे जाते. याउलट लुंडच्या गटाचे म्हणणे असे की, संकुलातील प्रमाणाएवढे मेदाम्ल एकटे घेतले तर तोच परिणाम होत नाही. दोहोंच्या संयोगातून पेशीच्या आवरणावर काही वेगळेच घडते. त्यांनी प्रथिनातील गंधकाचे दुवे काढून टाकून कधीच घडी न घेणारे रूप तयार केले. तेही मेदाम्लासह मारक ठरले. अर्थात प्रथिनाची नैसर्गिक आकृती आवश्यक नाही, एवढे यावरून निश्चित होते; ते कर्ता आहे, हे होत नाही. लुंडच्या पक्षाची बाजू येथे वाटते त्याहून दुर्बळ आहे.

क्रियापदाचीही तीच गत. पहिल्या निबंधात पेशींच्या मृत्यूला १९७२ साली रूढ झालेली ग्रीक संज्ञा योजली होती. तिचा मूळ अर्थ पानगळ. पान आपल्या वेळी आपणच गळते, तशी पेशी ठरलेल्या क्रमाने स्वतःला मोडते, हा तिचा भाव. पुढे असे दिसले की, त्या क्रमातील विकरे रोखून धरली तरी पेशी मरतातच. तेव्हा ‘पेशी गळली’ म्हणावे की ‘पेशी मारली’? अकर्मक आणि सकर्मक यांतला हा भेद मराठी वृत्तान्तांत जपला जात नाही. ‘पेशींनी आत्महत्या केली’ हा प्रयोग तर दोन्ही शक्यता एकदम बिघडवितो.

रुग्णांवरील प्रयोग मोजके, पण नेटके आहेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४० रुग्णांच्या त्वचेवरील चामखिळींवर, म्हणजे कर्करोग नसलेल्या गाठींवर, तीन आठवडे रोज लेप दिला गेला. संकुल मिळालेल्या गटात ९२ पैकी ८८ गाठींचे आकारमान ७५ टक्के वा अधिक घटले. दुसऱ्या गटात ७४ पैकी १५ गाठींचे. मूत्राशयाच्या कर्करोगावरील २०२१ च्या चाचणीत संपूर्ण प्रथिनाऐवजी त्याचा ३९ अमिनो आम्लांचा तुकडा मेदाम्लासह वापरला होता. रुग्ण येथेही ४०. मृत पेशी मूत्रावाटे बाहेर पडताना दिसल्या. त्वचा व मूत्राशय ही दोन्ही स्थाने औषध थेट पोहोचविता येईल अशी. रक्तद्रवातील अल्ब्युमिन मेदाम्ल बांधून घेते आणि रक्तद्रवाच्या उपस्थितीत संकुलाचा प्रभाव मंदावतो, हे लक्षात घेता ही निवड अर्थपूर्ण ठरते.

लाल कंधारी गाईच्या दुधातही अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन असते. मात्र कॅल्शियमने घडी बांधलेले. त्यातील ओलेइक आम्लही बहुतांश स्निग्धांशातच गुंतलेले, मोकळे नव्हे. कोणी रुग्ण त्या पेल्याच्या भरवशावर शस्त्रक्रिया लांबणीवर टाकील, तर त्याला फसविणारा ‘ने’ हा प्रत्यय असेल. ‘दुधातील एका प्रथिनाची घडी सोडवून व त्यास मेदाम्ल जोडून प्रयोगशाळेत बनविलेल्या संकुलाच्या संपर्कात पेशी मेल्या’ हे वाक्य लांब आहे, मथळ्यात मावणारे नाही. पण त्यात कर्ता कोण याचा निर्णय घाईने झालेला नाही, आणि ‘बनविलेल्या’ हा शब्द जागेवर आहे.