घराचा नकाशा कोणाच्या हातचा?

आपले घर आपणच आखावे की वास्तुविशारदाकडे जावे, हा वाद मराठीत बहुधा शहरी बंगल्यांभोवती घातला जातो. मला तो धारणीत तपासायचा आहे. वास्तुशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. मेळघाटातली घरे पाहत, मोजत आणि त्यांविषयी मिळेल ते वाचत गेलो, एवढाच माझा अधिकार.

जुन्या वळणाच्या कोरकू गावात घरांच्या समोरासमोर दोन रांगा असतात आणि मधे रुंद रस्ता. तो नुसता येण्याजाण्याचा नव्हे. बसणे-उठणे आणि सणवारही तिथेच. भिंती बांबूच्या कुडाच्या, माती-शेणाने लिंपलेल्या. लाकडाचे खांब आणि वर कवेलू. कागदावर नकाशा नसतो, पण चूल कुठे, धान्य कुठे, गुरे कुठे, हे पक्के असते. १९६४ साली बर्नार्ड रुडोफ्स्की यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात वास्तुविशारदांविना उभ्या राहिलेल्या वास्तुकलेचे प्रदर्शन भरवले आणि अशा घरांना जगात प्रतिष्ठा मिळाली. त्यांच्या मांडणीत देखणी छायाचित्रे आहेत. कुडाला घुण लागतो, दरवर्षी लिंपण करावे लागते आणि ते बहुधा बाईच्याच वाट्याला येते, हे मात्र छायाचित्रात दिसत नाही.

पारंपरिक म्हणजे सुरक्षित, असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे दगावली ती बव्हंशी दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीच्या जड धाब्यांखाली. दोन्ही अंगांना सांधणारे लांब दगड त्या भिंतींत नव्हते. धक्क्यासरशी त्या फुटून फाकल्या. पण २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत सिमेंट-काँक्रीटच्या बहुमजली इमारतीही कोसळल्या. पदवी आणि परंपरा, दोन्हींची झाडाझडती घ्यावी लागते.

कायदा या वादात फारसा कामी येत नाही. १९७२ चा वास्तुविशारद अधिनियम 'वास्तुविशारद' हे बिरुद राखतो, नकाशा काढण्याचे काम नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये हेच स्पष्ट केले.

धारणीतला आजचा पेच वेगळाच आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचे असावे, लाभार्थ्याने ते स्वतः बांधावे, ठेकेदार नेमू नये, असा नियम आहे. स्थानिक साहित्याचे नमुने देण्याचीही तरतूद आहे. कागदावर मालक हाच कर्ता. प्रत्यक्षात हप्ते पायऱ्यापायऱ्यांनी आणि छायाचित्र पाहून सुटतात. त्यामुळे सर्वांना ओळखीचा विटा-सिमेंटचा चौकोन सोयीचा ठरतो. मी पाहिलेल्या कित्येक घरकुलांमागे कुडाची छपरी उभी आहे: स्वयंपाक तिथे, उन्हाळ्यातली दुपारही तिथेच. म्हणजे घर ना राहणाऱ्याने आखले, ना तज्ज्ञाने. ते फाईलने आखले.

याला पर्याय आपल्याच राज्यात सापडतात. किल्लारीनंतर पूर्ण उद्ध्वस्त गावांना काटकोनी आखणीची नवी गावठाणे मिळाली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे वाटली गेली. पण कमी नुकसान झालेल्या हजारावर गावांत वेगळी रीत होती. पैसा घरमालकाच्या हाती, बांधकाम त्याच्या देखरेखीखाली आणि अभियंता मजबुतीकरण सांगायला. मला ही दुसरी रीत अधिक मोलाची वाटते. तिथे तज्ज्ञ होता, पण मालकाच्या जागी बसला नव्हता.

तज्ज्ञानेही शिकायचे असते, याचे उदाहरण विदर्भातच आहे. नागपूरचे वास्तुविशारद विनू काळे यांनी बांबू आणि बांबू-कारागीर यांना आपला विषय मानले. सुनील व निरुपमा देशपांडे यांनी १९९० च्या दशकात धारणी तालुक्यातील लवादा येथे उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्रात स्थानिकांचे हात आणि नवे तंत्र एकत्र आले. पक्व बांबूच तोडावा, बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणाने त्याला कीड-प्रतिबंध करावा, हे ज्ञान परंपरेला पूरक आहे. पण बांबूच हाती आला नाही, तर ज्ञान काय कामाचे? २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात धरून त्यावरचा हक्क मान्य केला आहे. घर आखण्याचा प्रश्न धारणीत शेवटी जंगलाच्या हक्काशी येऊन भिडतो.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. खोल्या, दार, चूल, ओसरी राहणाऱ्याने ठरवाव्यात, आणि ठरवताना घरातल्या बाईला आधी विचारावे. पाया, सांधे, छपराची बांधणी आणि बांबूवरची प्रक्रिया जाणकाराने तपासावी. पहिला हप्ता सुटण्याआधी अभियंत्याने एक दिवस अंगणात यावे, कुटुंबाने चुन्याने जमिनीवर घर आखावे आणि ती आखणी फाईलला जोडली जावी. खर्च फक्त एका दिवसाचा आहे. तो वाचवण्यापायी लोकांना दोन घरे बांधावी लागतात, एक अनुदानाचे आणि एक राहण्याचे.