चार लाख टन आणि एक राणी

पुस्तकांवर, नाटकांवर, क्वचित गाण्याच्या मैफलींवर टीका लिहिण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. गाइडच्या बोलण्यावर कोणी टीका लिहिल्याचे मात्र माझ्या पाहण्यात नाही. कारण उघड आहे. ते बोलणे छापले जात नाही, आणि जे छापले जात नाही त्याला वाङ्मय म्हणायचे की नाही याविषयी आपले टीकाकार अजून साशंक असतात. पण वेरूळला किंवा शनिवारवाड्यात जाऊन आलेल्या दहा माणसांना तुम्ही विचारून पाहा. त्यांना इतिहासाचा जो तुकडा पाठ असतो, तो कोणत्याही ग्रंथातला नसतो. कोणीतरी हात उंचावून, चालता चालता सांगितलेला असतो. तेव्हा या मौखिक ग्रंथाचेही एकदा परीक्षण व्हावे, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

योग असा आला, की गेल्या दिवाळीच्या सुटीत पुतण्याने बेत ठरवला. "काका, तुम्ही आयुष्यभर वेरूळवर बोलता, पण वहिनीआजीला एकदाही नेलं नाहीत," असे तो सर्वांदेखत म्हणाला, आणि सौ.ने त्यावर काहीच न बोलून आपला दुजोरा दिला. मग खासगी गाडी ठरली. गाडीबरोबर गाइडही ठरला, तो छत्रपती संभाजीनगरला गाडीत बसणार होता. एका दिवसात देवगिरी आणि वेरूळ पाहून रात्री परत सणसवाडीला. मंगळवारी वेरूळ बंद असते म्हणून गुरुवार निवडला. दहा वर्षांची नात, म्हणजे पुतण्याची मुलगी, बरोबर होतीच, आणि सौ.चे दशम्या-चिवड्याचे डबे होते, जे कोणत्याही खासगी सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत नसतात पण ज्यांच्यावाचून ती पार पडत नाही.

पहाटे चारला निघालो. आमच्या सणसवाडीला आता पहाट अशी उरलेली नाही. कारखान्यांच्या तीन पाळ्या, त्यांच्या बसगाड्या आणि नगर रस्त्यावरचे ट्रक यांमुळे चार वाजताही बाजारासारखी वर्दळ असते. शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर मागे पडले. अहिल्यानगर ओलांडले तेव्हा फटफटले. नेवासे फाट्याची पाटी दिसली आणि मी म्हटले, "जरा वळूया का? तो पैसाचा खांब आहे." पुतण्या म्हणाला, "काका, कार्यक्रमात नाही." गाडी पुढे गेली. शके १२१२ मध्ये ज्या खांबाला टेकून गीतेवरचे निरूपण झाले, आणि सच्चिदानंदबाबांनी ते बसून लिहून घेतले, असे आपण सारे मानतो, तो खांब. मराठीतले सर्वांत थोर विवेचन तोंडी झालेले आहे, हे त्या दिवशी मला विशेष आठवत होते. कारण पुढे दिवसभर तोंडी विवेचनच ऐकायचे होते.

आमचा गाइड तरुण होता, चुणचुणीत होता, आणि त्याचा आवाज उत्तम होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याच्याशी भांडणार आहे. देवगिरीवर त्याने जे केले ते मी कोणत्याही कसलेल्या नटाच्या तोलाचे मानतो. खिलजीची १२९६ ची स्वारी, तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीहून इकडे आणलेली राजधानी, बहामनी सुलतानाचा चांद मिनार, सारे त्याने झरझर सांगितले, उगाच रेंगाळला नाही. मग आम्ही अंधारीत शिरलो. कड्याच्या पोटातून वर जाणारा तो वळणावळणाचा भुयारी जिना. शत्रू आत आला की त्याला वाटच सापडू नये अशी त्याची योजना. तिथे त्याने हातातली विजेरी विझवली आणि म्हणाला, "आता मी काही बोलत नाही." आणि खरेच बोलला नाही. मिनिटभर नुसता काळोख, वटवाघळांचा वास, आणि नातीने माझा धरलेला हात. किल्ला म्हणजे काय हे त्या मिनिटात तिला कळले. कोठे थांबावे हे ज्याला कळते त्याला कला कळते, असे मी मनात म्हटले आणि दुपारकडे मोठ्या अपेक्षेने पाहू लागलो.

वेरूळला एकंदर चौतीस लेणी. बौद्धांची बारा, मग हिंदूंची सतरा, मग जैनांची पाच. खासगी सहलीत यांतले सोळावे म्हणजे कैलास पाहायचे, बाकीची 'वेळ उरल्यास'. वेळ उरत नाही. विश्वकर्मा म्हणवणारे दहावे लेणे, जिथे दगडाच्या छताला लाकडी फासळ्यांचे रूप दिले आहे, ते आम्ही गाडीतूनच डावलले. असो.

कैलासाच्या अंगणात उभे करून त्याने प्रास्ताविक सुरू केले. "आजोबा, इथून चार लाख टन दगड काढलाय. चार लाख! आणि वेळ किती? अठरा वर्षं. रोज बारा तास काम धरलं तरी ताशी पाच टन होतात. सांगा, छिन्नी-हातोड्यानं हे शक्य आहे? आजच्या यंत्रांनाही जमणार नाही. शास्त्रज्ञही चक्रावलेत. हे माणसाचं काम नाही." पुतण्याने तोंडात बोट घातले. भोवतालच्या दुसऱ्या दोन-तीन घोळक्यांतूनही तेच चार लाख ऐकू येत होते.

आता मला सांगा, हे टन कोणी मोजले? कोणत्याही शिलालेखात ते नाहीत. पण अंगण तर समोर आहे. त्याची मापे बर्जेससाहेबाने एकोणिसाव्या शतकातच घेऊन ठेवली आहेत. लांबी सुमारे २७६ फूट, रुंदी १५४, आणि मागचा कडा १०७ फूट उंच. घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ही तिन्ही मापे गुणली तर साडेपंचेचाळीस लाख घनफूट होतात. आपल्या काळ्या दगडाचा एक घनफूट सुमारे ८२ किलो भरतो. म्हणजे पुढपासून मागपर्यंत सारा डोंगर १०७ फूट उंचीचा धरला, आणि आत देऊळ म्हणून काहीच शिल्लक ठेवले नाही, तरीदेखील पावणेचार लाखांच्या आतच टन होतात. पण डोंगर तर पुढे उतरता आहे, आणि मध्ये शंभर फुटांच्या घरात उंच देऊळ उभे आहे! निम्मा आकडा धरला तर तो सत्याच्या जवळपास असेल. चार लाख टन काढायचे म्हणजे कैलासच काढून टाकावा लागेल.

बरे, निम्मे म्हणजे दोन लाख टन आणि त्याचीच अठरा वर्षे धरू. रोजचे होतात तीस टन. तीनशे माणसे कामाला असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाकाठी शंभर किलो. म्हणजे सव्वा घनफूट दगड. कठीण काम खरे, हाडे मोडणारे काम; पण अशक्य? एखाद्या जुन्या पाथरवटाला विचारून पाहावे. आणि छिन्नीचे ओरखडे तर तिथल्या भिंतींवर आजही आहेत. अर्धवट सोडलेल्या जागी काम वरून खाली कसे येत होते तेही दिसते. गाइड त्या भिंतीला पाठ लावूनच बोलत होता.

आकडा चुकला म्हणून मी चिडलो नाही. कथेकऱ्याच्या तोंडी अक्षौहिणी सेना आपण ऐकतोच. माझी तक्रार त्या आकड्याच्या शेवटाबद्दल आहे. तो आकडा वाढत वाढत कुठे जातो, तर 'हे माणसाचे काम नाही' इथे. ज्यांनी जन्मभर दगडाची भुकटी खाल्ली त्यांच्या हातून, हजार-बाराशे वर्षांनी, त्यांचे काम काढून घेतले जाते. आणि तेही कौतुकाच्या सुरात.

याच्या शेजारी आता दुसरी गोष्ट ठेवतो. नातीने विचारले, "पण हे केलं कुणी?" तेव्हा त्याने, जरा घाईनेच, ती सांगितली. राजा आजारी पडला. राणीने नवस केला की राजा बरा झाला तर शिवाचे देऊळ बांधीन, आणि देवळाचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. देऊळ बांधायचे म्हणजे वर्षे जाणार. राणी तोवर जगते कशी? कारागिरांनी हात टेकले. तेव्हा पैठणचा कोकसा पुढे आला. तो म्हणाला, आठ दिवसांत कळस दाखवतो. आणि त्याने डोंगराच्या माथ्यावरून कामाला सुरुवात केली.

ही गोष्ट आपल्या मराठी 'कथाकल्पतरू'त, कृष्ण याज्ञवल्कीच्या ग्रंथात आहे. म्हणजे गाइडपेक्षा काही शतकांनी जुनी आहे. ती इतिहास नव्हे. कैलासाचा संबंध अभ्यासक राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाशी जोडतात, आठव्या शतकाच्या तिसऱ्या चरणातल्या. पण गोष्ट म्हणून तिची बांधणी पाहा! या लेण्यातली सारी नवलाई ही, की इथे पायाआधी कळस झाला. ते तांत्रिक सत्य गोष्टीने एका उपाशी बाईच्या पोटात ठेवले आहे. का वरून सुरुवात केली? राणीला जेवायचे होते म्हणून. सौ. तिथल्या तिथे म्हणाली, "बिचारीनं आठ दिवस काय केलं असेल?" चार लाख टन ऐकून तिने काही विचारले नव्हते. खोटी दंतकथा आणि खोटा आकडा यांत मी दंतकथेच्या बाजूने आहे, तो एवढ्यासाठी, की दंतकथेला काम कसे झाले ते ठाऊक आहे, आणि तिच्यात माणूस आहे.

आणखी एक पुरावा आहे, आणि तो कोणी सांगत नाही याचे मला नवल वाटते. बडोद्याला सापडलेल्या राष्ट्रकूट कर्काच्या ताम्रपटात, म्हणजे इसवी सन ८१२ च्या सुमारास, एलापूरच्या अशाच अद्भुत देवळाचे वर्णन आहे, आणि ते कैलासाचेच असे बहुतेक विद्वान मानतात. आकाशातून जाणाऱ्या देवांनाही ते पाहून वाटते, की हे कोणी केलेले नाही, आपोआप झालेले आहे. म्हणजे आमच्या गाइडचेच वाक्य! पण तो जुना कवी तिथे थांबत नाही. पुढे तो कारागिराला आणतो. कारागीर आपल्याच कामाकडे पाहून थक्क होतो. हे माझ्या हातून झाले कसे, पुन्हा असे साधणार नाही, असे त्याला वाटते. किती फरक पडला! अद्भुत तर राहिलेच, पण ज्याने केले तो त्याच्यापुढे छिन्नी खाली ठेवून उभा राहिला. प्रत्येक गाइडला एवढा एक मजकूर पाठ असता तर मी त्याचे दहा लाख टनसुद्धा माफ केले असते.

रावणानुग्रहाच्या शिल्पापुढे आम्ही तीन मिनिटे होतो, टनांपुढे वीस. दक्षिणेच्या अंगाला, देवळाच्या पोटाशी, वीस हातांचा रावण डोंगर हलवतो आहे. वर पार्वतीने शिवाचा दंड धरला आहे, एक दासी पळत सुटली आहे, आणि शिव पायाच्या जोराने सारे स्थिर करतो आहे. कैलास हलवण्याचे चित्र कैलासाच्याच पायाशी कोरायचे, ही त्या नामहीन माणसाची कल्पना. नात त्या पळणाऱ्या दासीकडे बोट दाखवत होती. "आजोबा, हिला एकटीलाच भीती वाटलीय." सकाळच्या काळोखात जो गाइड गप्प राहू शकला, तो इथे मात्र घड्याळ पाहत होता. त्याला दोष कसा देऊ? एका दिवसात दोन स्मारके आणि साडेचारशे किलोमीटर हा बेत त्याने केलेला नव्हता, आम्ही केला होता. गिऱ्हाईकाला आश्चर्य हवे असते आणि लवकर हवे असते. आकडा हे सर्वांत लवकर मिळणारे आश्चर्य आहे. वरच्या छताशी जुन्या रंगाचे अवशेष आहेत, त्यावरूनच लोक याला रंगमहाल म्हणत. ते मी नातीला निघता निघता दाखवले. तिचे लक्ष दासीकडेच होते.

रात्री साडेअकराला घरी पोचलो. एवढ्यावर लेख संपायचा, पण नात सकाळी म्हणाली, "आपल्या इथं काय आहे बघण्यासारखं? इथला गाइड कोण?"

आमच्याकडे गाइड नसतात. सणसवाडीवरून पुण्याकडे निघाले की कोरेगाव भीमा, आणि नदी ओलांडली की पेरण्याचा जयस्तंभ. उत्तरेला वढू बुद्रुक, तिथे संभाजीमहाराजांची समाधी. स्मारकांपाशी काय सांगितले जाते ही गोष्ट किती जिवावरची असते, हे आमच्या या टापूइतके कोणाला ठाऊक असेल? २०१७ च्या डिसेंबरअखेर वढूला एका फलकावरच्या मजकुरावरून वाद पेटला, आणि १ जानेवारी २०१८ ला याच रस्त्यावर, याच सणसवाडीत, दगडफेक आणि जाळपोळ झाली. एक तरुण मेला. त्या दिवशीचा धूर मी गच्चीवरून पाहिला आहे. तेव्हापासून 'गाइड काय, चार गोष्टी जास्त सांगायचाच' असे कोणी म्हटले की मला हसू येत नाही.

भाऊबीज झाल्यावर मी नातीला स्तंभापाशी घेऊन गेलो. आकडे इथेही मोठे होत जातात, हे मला माहीत आहे. इकडचे एक सांगतात, तिकडचे दुसरे. म्हणून मी ठरवले की आकड्यांनी सुरुवात करायची नाही. १ जानेवारी १८१८ ला इथे पेशव्यांची फौज आणि कंपनीची पलटण यांची लढाई झाली, एवढे सांगितले. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले होते, तेव्हापासून लोक येतात, तेही सांगितले. मग म्हटले, "दगडावर कोरलेली नावे वाच."

ती वाचू लागली. एकोणपन्नास नावे आहेत. त्यांतली बावीस महार शिपायांची. तिसऱ्या-चौथ्या नावाला ती थांबली. "आजोबा, सगळ्यांच्या शेवटी 'नाक' का आहे?" मी सांगितले, की त्या काळी महार समाजातल्या पुरुषांच्या नावाला तो शब्द जोडत, जसा दुसऱ्या कोणाच्या नावाला 'जी' किंवा 'राव'.

"म्हणजे ही खरी माणसं आहेत," ती म्हणाली. "आणि त्या देवळात एकाचंपण नाव नव्हतं."

"कोकसा होता की."

"तो गोष्टीतला," असे म्हणून ती पुन्हा पहिल्या नावापासून वाचायला लागली, या वेळी मोठ्याने.