बिघडलेलं मशीन आणि सत्तेची प्रश्नावली

संघटनेतील सत्ता आणि प्रभाव या विषयावर सिनॉप्सिस लिहायला बसलं की बहुतेक जण फ्रेंच आणि रेव्हन यांच्या १९५९ च्या वर्गीकरणापासून सुरुवात करतात. मीही तेच केलं. बक्षीस देण्याची ताकद, शिक्षेची भीती, पदाचा अधिकार, तज्ज्ञता आणि त्या माणसाविषयी वाटणारी ओढ, असे सत्तेचे पाच आधार. वर्गीकरण सुटसुटीत आहे, पटकन पाठ होतं आणि त्यावरून लगेच प्रश्नावली तयार होते. गोची इथेच आहे. प्रश्नावली विचारते, "तुमचे वरिष्ठ तुम्हाला बढती देऊ शकतात का?" म्हणजे सत्ता वरिष्ठांकडेच असणार, हे आपण उत्तर यायच्या आधीच ठरवून टाकलेलं असतं. पॉडसाकॉफ आणि श्रीशाइम यांनी १९८५ मध्ये अशा अभ्यासांच्या मोजमापातले दोष दाखवले. त्यानंतर प्रश्नावल्या सुधारल्या, पण बहुतेक ठिकाणी प्रश्न वरिष्ठांबद्दलचेच राहिले.

मी एका कारखान्यात फॉर्म वाटले. ते गोळा करायला ऑफिसचाच माणूस फिरत होता, त्यामुळे सगळ्यांनी साहेबांना भरभरून गुण दिले. चहाच्या सुट्टीत मात्र कामगार बोलत होते स्टोअरकीपरबद्दल. सुटा भाग आज मिळणार की चार दिवसांनी, हे त्याच्या मनावर. माझ्या फॉर्ममध्ये त्याच्यासाठी एकही रकाना नव्हता.

तेव्हा मी मिशेल क्रोझिए वाचायला घेतला. नोकरशाहीवरचं त्याचं पुस्तक फ्रेंचमध्ये १९६३ मध्ये आणि इंग्रजीत १९६४ मध्ये आलं. फ्रान्सच्या सरकारी तंबाखू कारखान्यांचा त्यातला भाग तुम्ही वाचाच. तिथे जवळपास प्रत्येक गोष्ट नियमाने बांधलेली. कोणाला कुठलं काम मिळणार, हे सेवाज्येष्ठतेवर ठरायचं. सुपरवायझरच्या हातात फारसं काही उरतच नव्हतं. नियमात न बसणारी एकच मोठी गोष्ट होती, ती म्हणजे मशीन बंद पडणं. ते दुरुस्त करता यायचं फक्त मेंटेनन्सवाल्यांना. त्यांनी मशीनचे नकाशे आणि दुरुस्तीच्या सूचना कारखान्यातून गायब केल्या होत्या. ज्ञान तोंडी एकमेकांकडे जायचं, बाहेरच्याला कोणी काही समजावून सांगत नसे. हाताखाली माणसं नाहीत, कागदावर अधिकार नाही, तरी सगळे त्यांच्यावर अवलंबून. क्रोझिएचं म्हणणं असं की जिथे अनिश्चितता उरते तिथे सत्ता तयार होते, आणि ती ज्याच्या ताब्यात असेल त्याचं चालतं.

यावर कोणी म्हणेल, ही तर तज्ज्ञताच झाली, पाचांपैकी एक. मला हे पटत नाही. नकाशे पुन्हा कपाटात आले असते, तर मेकॅनिकची तज्ज्ञता तेवढीच राहिली असती, पण त्याची पकड सैल झाली असती. पाच आधारांच्या यादीत ही लपवाछपवी, हे मुद्दाम राखलेलं परावलंबन, कुठेच दिसत नाही.

पण क्रोझिएलाही डोक्यावर घेऊन नाचू नका. पुस्तकाच्या पुढच्या भागात तो या सगळ्याचं मूळ फ्रेंच स्वभावात शोधतो: समोरासमोर कोणावर अवलंबून राहणं फ्रेंच माणसाला नको असतं, वगैरे. प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन फ्रेंच संस्थांवरून मारलेली ही उडी मला फारच लांब वाटते. आणि जे डोळ्यांसमोर होतं, त्याला त्याने पुरेसं वजन दिलं नाही. मशीन चालवणाऱ्या स्त्रिया आणि दुरुस्त करणारे पुरुष. जोन ॲकर आणि डोनाल्ड व्हॅन हाउटन यांनी १९७४ मध्ये हाच अभ्यास पुन्हा वाचला आणि विचारलं की मेकॅनिकची ही सत्ता निव्वळ अनिश्चिततेतून आली, की त्यात पुरुष असण्याचाही वाटा होता? त्यासाठी नव्या फील्डवर्कची गरज पडली नाही. जुनंच पुस्तक, प्रश्न नवा. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे सारांशांची माळ असं समजणाऱ्यांनी (मी त्यातलाच होतो) तो लेख एकदा पाहावा.

माझी प्रश्नावली अजून तीच आहे. समितीने ती मंजूर केली आहे आणि बदलायची तर पुन्हा अर्ज करावा लागेल. तो अर्ज कोणत्या बैठकीपुढे ठेवायचा, हे तिथल्या क्लार्कच्या हातात आहे.