‘बोगीज् बॉनी बेल’ : एका स्कॉटिश शेतमजूर-गीताचा आयरिश आविष्कार

लोकगीत आपल्या जन्मभूमीतून उचलून दुसऱ्या देशाच्या गायकाने रंगमंचावर गायिले, तर त्यापासून श्रोत्यास होणारा आनंद मूळ गीताचा असतो की गायकाच्या कौशल्याचा, हा प्रश्न लोकवाङ्मयाच्या अभ्यासकास टाळता येत नाही. ईशान्य स्कॉटलंडमधील शेतमजुरांचे ‘बोगीज् बॉनी बेल’ हे गीत आणि आयर्लंडच्या क्रिस्टी मूर या गायकाने १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइव्ह इन डब्लिन’ या ध्वनिमुद्रिकेत केलेला त्याचा आविष्कार, हे या प्रश्नाच्या विचारास सोयीचे उदाहरण आहे.

ज्या गीतवर्गात हे गीत मोडते, त्यास ‘बॉथी’ गीते असे म्हणतात. बॉथी म्हणजे अविवाहित गड्यांना राहण्यासाठी शेतावर बांधलेले खोपट. ॲबर्डीनशायरमध्ये गडी बहुधा तबेल्यालगतच्या खोलीत निजत आणि धन्याच्या स्वयंपाकघरात जेवत; अँगस व मर्न्स या दक्षिणेकडील भागांत ते बॉथीतच राहत व स्वतःच शिजवून खात. गीतांना मात्र सर्वत्र हेच नाव पडले. अविवाहित गड्याचा करार सहा महिन्यांचा असे आणि तो मे व नोव्हेंबर महिन्यांत भरणाऱ्या मजुरांच्या बाजारात ठरे. धनी व गडी यांची बोली झाली की विसार म्हणून एक नाणे गड्याच्या हातावर ठेवण्यात येई. आपल्याकडील सालगड्याच्या पद्धतीशी हिचे काहीसे साम्य आहे. परंतु दर सहा महिन्यांनी धनी बदलण्याची मोकळीक असल्यामुळे स्कॉटिश गडी अधिक फिरता होता, आणि त्याचे गीतही त्याच्याबरोबर फिरे. कोणत्या शेतावर अन्न वाईट मिळते, कोठे पहाटे पाचलाच उठवितात, कोणता धनी कृपण आहे, हे सारे शेताच्या नावानिशी सांगणारी ही गीते पुढच्या बाजारात उभ्या राहणाऱ्या गड्यास सावधगिरीची सूचनाच देत. दिवसा ज्यास उत्तर देता येत नसे, त्या धन्याचा न्याय रात्री गीतात होई.

या परंपरेचे महत्त्व प्रथम ओळखणाऱ्यांत गॅव्हिन ग्रेग हा शाळामास्तर आणि जेम्स डंकन हा धर्मोपदेशक यांची नावे अग्रभागी येतात. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी ॲबर्डीनशायर व आसपासच्या प्रदेशात केलेला प्रचंड संग्रह १९८१ ते २००२ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झाला. १९३० साली जॉन ऑर्ड या ग्लासगोच्या पोलीस अधिकाऱ्याने बॉथी गीतांचा स्वतंत्र ग्रंथ काढला. १९५१ साली एडिंबरो विद्यापीठात ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’ची स्थापना झाली आणि हॅमिश हेंडर्सन प्रभृतींनी मजूर व भटके गायक यांचे गायन ध्वनिमुद्रित करण्यास प्रारंभ केला. गीत कागदावरून पुन्हा कंठाकडे वळले, आणि नव्या पिढीच्या गायकांना ते ऐकून उचलता येऊ लागले.

प्रस्तुत गीताचे कथानक अगदी थोडे आहे. हंटली गावच्या बाजारात एक तरुण नांगऱ्या बोगी नावाच्या शेतकऱ्याकडे कामास राहतो. धन्याची मुलगी बेल आणि तो यांची प्रीती जडते. नऊ महिन्यांनी तिला मुलगा होतो. धनी गड्यास बोलावितो. गडी लग्नास तयार होतो. परंतु तो आपल्या मुलीच्या तोलाचा नाही असे म्हणून बाप नकार देतो. पुढे बेलचे लग्न एका भटक्या कल्हईवाल्याशी होते. भांडी आणि रॉकेलचे दिवे विकीत तो मुलखात हिंडतो. अखेरीस नांगऱ्या उपहासाने विचारतो, की हाच का अधिक चांगला वर? आणि तिचे कौमार्य आपण हरण केले होते, असे बोलून तो गीत संपवितो.

येथील उपरोध दुहेरी आहे. नांगऱ्यास हलका लेखणाऱ्या धन्याच्या पदरी त्या समाजात त्याहूनही हलका मानलेला जावई आला, हा एक उपरोध. परंतु ज्या उतरंडीमुळे नांगऱ्या दुखावला, तिचाच आधार घेऊन तो कल्हईवाल्यास हिणवितो, हा दुसरा. स्कॉटलंडमधील भटक्या समाजाच्या गायकांनीही हे गीत जतन केले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ज्याचा उपहास होतो त्यानेच तो उपहास गावा, या वस्तुस्थितीने उपरोधास आणखी एक धार येते.

मूरच्या आविष्कारात प्रथम जाणवतो तो संयम. बॉथीतील गायन बहुधा साथीवाचून, भरल्या आवाजात आणि ओळखीच्या सोबत्यांपुढे होत असे. मूर हे गीत तंतुवाद्याच्या साथीने, हलक्या आवाजात, जवळच्या माणसास जुनी हकीकत सांगावी तसे गातो. ॲबर्डीनशायरची ठसकेबाज बोली येथे बरीच निवळली आहे. परंतु स्थलनामे व धन्याचे नाव त्याने राखले आहे. शेतकऱ्यास त्याच्या शेताच्या नावाने ओळखण्याची जी पद्धत त्या प्रदेशात आहे, ती न जाणणाऱ्या श्रोत्यासही ‘बोगी’ हा शब्द भूमी आणि मालकी या दोहोंचा वाचक आहे, हे गीताच्या ओघातच उमगते.

मूळ गायनात धन्याची फजिती आणि गड्याची फुशारकी यांना सोबत्यांच्या हास्याचा आधार होता. मूरच्या संथ गायनात तो आधार नाहीसा होतो. परिणामी अखेरची फुशारकी विजयाची न वाटता पराभूताची वाटते: ज्याच्याजवळ पत्नी नाही, पुत्र नाही, भूमी नाही, त्याच्याजवळ एक बढाई तेवढी उरली आहे. भारतीय साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर हास्याकडे झुकणारे गीत येथे करुणाकडे वळले आहे. हा मूळ गीतावर अन्याय आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु तो करुण बाहेरून आणलेला नाही. तो गीतात होताच, बॉथीतील हशाने झाकलेला होता. गायकाने केवळ झाकण दूर केले.

साधारणीकरणाच्या सिद्धांताप्रमाणे विभावादिकांचे वैयक्तिक विशेष गळून पडतात, म्हणून परक्याचे दुःख आस्वाद्य होते. या गीताच्या बाबतीत मात्र उलटाच अनुभव येतो. हंटलीचा बाजार, रॉकेलचे दिवे, दोन घोड्यांची जोत हे विशेष गळाले, तर मागे उरते ती एक सामान्य प्रेमभंगाची कथा. येथे सामान्याकडे जाणारी वाट विशेषातूनच जाते, आणि मूरने ती वाट मोडली नाही हे त्याचे मोठे श्रेय होय.

या विषयाशी आयर्लंडचे नाते केवळ सांगीतिक नाही. अल्स्टरमधील स्ट्रबेन, लेटरकेनी इत्यादी गावीही मजुरांचे बाजार भरत. पॅट्रिक मॅक्गिल याने १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘चिल्ड्रन ऑफ द डेड एंड’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीत त्या बाजारातील मुलाचे आणि स्कॉटलंडमध्ये बटाटे काढण्यास जाणाऱ्या आयरिश मजुरांचे चित्र रेखाटले आहे. १९३७ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडमधील कर्किंटिलोक येथे एका बॉथीस आग लागून अकिल बेटावरून आलेले दहा तरुण मजूर मृत्यू पावले. अशा देशात बॉथीचे गीत गायिले जाते, तेव्हा ते सर्वस्वी उसने राहत नाही.

एक उणीव मात्र गायकाच्या सामर्थ्याबाहेरची आहे. या गीतात धनी बोलतो, गडी बोलतो. बेल बोलत नाही. तिचे सौंदर्य, तिचे मातृत्व, तिचे लग्न हे सर्व इतरांच्या मुखातून आणि इतरांच्या हारजितीच्या हिशेबात येते. दोन पुरुषांमधील वर्गकलहात ती केवळ मोजमापाचे साधन ठरते. बॉथीच्या हशात हे मौन ऐकू येणे शक्य नव्हते. डब्लिनमधील गायनात, शेवटच्या बढाईनंतर साथ थांबते तेव्हा, ते ऐकू येते. आणि श्रोत्याच्या आनंदात एक अस्वस्थता मिसळते. या अस्वस्थतेमुळे आस्वाद उणावत नाही. नांगऱ्याची बाजू घेऊन ऐकू लागलेला श्रोता अखेर त्याच्याकडूनही हिशेब मागू लागतो, इतकी जाग गीताने त्याच्या ठिकाणी आणलेली असते. मूळ गायनाहून वेगळा असूनही हा आविष्कार मूळ गीताशी प्रामाणिक आहे असे म्हणावयाचे, ते याच कारणास्तव.